वॉच, सी की लुक? ‘बघणे’चं इंग्रजी सारखं बिघडत असेल तर हे क्रमाने तपासून बघा

इथे बडोद्यात दांडिया बाजारात मी इंग्रजीची ट्यूशन घेते, आणि पोरांच्या वह्यांबरोबर आजूबाजूच्या लोकांचे कागदही माझ्याकडे तपासायला येतात, कुणाचा बायोडाटा, कुणाची सोसायटीची नोटीस, कुणाला अमेरिकेतल्या सुनेला मेसेज पाठवायचाय. या सगळ्यात एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केलाय, तो म्हणजे वॉच. एक तर तो नको तिथे बसलेला असतो, नाहीतर हवा तिथे नसतो आणि त्याच्या जागी सी किंवा लुक येऊन बसलेला असतो. स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, त्यामुळे फोन लाल रेघ मारत नाही, आणि लिहिणाऱ्याला कळतच नाही की वाचणाऱ्याने भलताच अर्थ घेतला.

कारण साधं आहे. मराठीत आपण बघणे किंवा पाहणे या एका क्रियापदावर डोळ्यांची सगळी कामं टाकतो आणि डोळ्यांशी संबंध नसलेलीही बरीच टाकतो. टीव्ही बघतो, वाट बघतो, मुलगी बघतो, करून बघतो, दुकानही बघतो. बडोद्यात तर डबल अडचण, कारण बाहेर पडलं की गुजराती, आणि गुजरातीतलं जोवुं पण अगदी तसंच, तिथेही राह जोवी म्हणजे वाट बघणे आणि जोई लईश म्हणजे बघून घेईन. म्हणजे घरातही एकच शब्द, रस्त्यावरही एकच शब्द, आणि इंग्रजीत गेलं की तीन दारं समोर येतात. हुशारीचा काही संबंध नाही यात, इंजिनीअर झालेली मुलंही हेच चुकतात.

लक्षणं

तुमच्या लिहिण्याबोलण्यात यातलं काही दिसतंय का ते आधी बघा.

‘आय ॲम सीइंग टीव्ही’ असं तोंडातून पटकन जातं. ‘लुक द मॅच’ किंवा उलट ‘वॉच ॲट मी’. ‘वी वॉच्ड द शिवा स्टॅच्यू ॲट सुरसागर’. ‘आय सॉ हिम टू क्रॉस द रोड’. ‘आय वॉच्ड युवर रिप्लाय टिल इव्हनिंग’, म्हणजे उत्तराची वाट बघितली असं म्हणायचं होतं. बायोडाटात ‘आय ओव्हरलुक द अकाउंट्स’. आणि एक लक्षण कागदावर दिसतच नाही, ते समोरच्याच्या वागण्यात दिसतं: तुम्ही बोलल्यावर समोरचा एक क्षण थांबतो, ‘यू मीन…?’ असं विचारतो, किंवा मेलला भलतंच उत्तर येतं. असं दोन-तीनदा झालं तर बिघाड नक्की आहे असं धरा आणि खालच्या तपासण्या वरून खाली करत या. वरच्या फुकट आणि दोन सेकंदांच्या आहेत, खाली जाल तसं डोकं जास्त लागतं. बहुतेकांचं काम तिसऱ्याच्या आतच होतं.

१. आधी ‘ॲट’ शोधा

हे सगळ्यात सोपं, म्हणून पहिलं. ज्याच्याकडे बघताय ती वस्तू लुकच्या पुढे ठेवायची असेल तर मध्ये ॲट लागतोच. लुक ॲट द बोर्ड, लुक ॲट मी. वॉच आणि सी यांना ॲट चालत नाही, ते थेट वस्तूला चिकटतात: वॉच द बोर्ड, सी द बोर्ड. नुसतं लक्ष वेधायचं असेल तर लुक एकटा येतो, ‘लुक, द ट्रेन इज हिअर’, तिथे वस्तू पुढे नाही म्हणून ॲट नाही. लुक फॉर म्हणजे शोधणे आणि लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, ते वेगळे, त्यांना इथे मोजू नका.

ही तपासणी पहिली का, तर परीक्षेत मार्क इथेच पटकन जातात आणि बोलताना ऐकणाऱ्याच्या कानाला हेच आधी खटकतं. लिहून झाल्यावर फक्त लुकवर बोट ठेवत जायचं आणि पुढे ॲट आहे का बघायचं, अर्थाचा विचारसुद्धा करायला नको.

२. मराठी वाक्यातच शब्द बदलून बघा

माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच, आणि यासाठी इंग्रजी यायलाच पाहिजे असं नाही. आपल्याला वाटतं मराठीत एकच शब्द आहे, पण तसं नाहीये, दिसणे हा स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहे आणि आपण तो अगदी बरोबर वापरतो, फक्त इंग्रजी करताना विसरतो.

म्हणून इंग्रजीकडे जायच्या आधी मूळ वाक्यात ‘बघितलं’ काढा आणि त्या जागी तीन गोष्टी घालून बघा. ‘दिसलं’ बसतंय का? मग सी. ‘नजर टाकली’ किंवा ‘त्याच्याकडे बघितलं’ बसतंय का? मग लुक ॲट. ‘बघत राहिलो’ किंवा ‘लक्ष ठेवलं’ बसतंय का? मग वॉच.

करून बघा. मी काल मंगळबाजारात तुझ्या भावाला बघितलं, म्हणजे तो मला दिसला, म्हणून ‘आय सॉ युवर ब्रदर’. इथे ‘आय वॉच्ड युवर ब्रदर’ लिहिलं तर अर्थ होतो की तुम्ही त्याच्या भावावर पाळत ठेवून होतात, आणि हे वाक्य कुणाच्या तरी फोनवर गेलं की गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. दुसरं: हा फोटो बघ, म्हणजे नजर टाक, ‘लुक ॲट धिस फोटो’. तिसरं: मी स्वच्छतागृहात जाऊन येते, माझी बॅग बघा हं, म्हणजे लक्ष ठेवा, ‘कुड यू वॉच माय बॅग?’ स्टेशनवर हे वाक्य सी घालून म्हटलं तर समोरचा तुमची बॅग बघेल आणि छान आहे म्हणेल, राखणार नाही.

अमेरिकेत वॉच द किड्स म्हणजे थोडा वेळ मुलं सांभाळणे. सुनेने ‘कॅन यू वॉच हिम टिल फाइव्ह’ असं लिहिलं तर नातवाकडे बघत बसायचं नाहीये, पाचपर्यंत तो तुमच्या जबाबदारीवर आहे असा त्याचा अर्थ. खाणंपिणं, पडणं-धडपडणं सगळं त्यात आलं.

३. त्यात वेळ आहे का?

दुसऱ्या तपासणीनंतरही सी की वॉच असा घोळ राहिला तर एक प्रश्न विचारा: जे बघताय ते हलतंय, बदलतंय किंवा आता काहीतरी होईल असं आहे का, आणि तुम्ही त्यासाठी वेळ देताय का? दोन्हीला हो असेल तरच वॉच.

सुरसागर तलावाच्या मध्यावरची १११ फुटी शिवाची मूर्ती काही हलणार नाही, म्हणून ती वॉच करायची नाही, ‘वी लुक्ड ॲट द स्टॅच्यू’ किंवा ‘वी सॉ द स्टॅच्यू’. फतेहसिंह म्युझियममधली राजा रविवर्म्याची चित्रं तास तास बघत बसलात तरी लुकच, लुक्ड ॲट देम फॉर ॲन अवर, कारण वेळ तुम्ही दिलात पण चित्र बदललं नाही. मुलांना हे पटत नाही तेव्हा मी सयाजीबागेतल्या म्युझियमचं उदाहरण देते. तिथे निळ्या व्हेलचा अख्खा सांगाडा आहे, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेला असतो. तो सांगाडा आपण सी करतो, त्याच्याकडे लुक ॲट करतो, पण व्हेल वॉचिंग म्हणजे समुद्रात होडीने जाऊन जिवंत व्हेल कधी वर येतो याची डोळ्यांत तेल घालून वाट बघणं. प्राणी एकच, क्रियापद बदललं, कारण एक हलणार नाहीये आणि दुसरा कुठल्याही क्षणी हलेल. डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन जातात ते बर्ड वॉचिंग, बर्ड सीइंग नाही आणि बर्ड लुकिंग तर नाहीच. (हे तळं २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, गेला नसाल तर जाऊन या, पहाटे गेलात तर जास्त पक्षी मिळतात.)

वॉचमध्ये वेळ का आहे हे कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही. वॉच आणि वेक हे दोन इंग्रजी शब्द एकाच मुळातले. वॉच म्हणजे मुळात जागं राहणं, आणि जागं कोण राहतं तर पहारेकरी. आता आपला पहारा घ्या, तो प्रहरावरून आला. दिवसाचे आठ प्रहर, एकेक तीन तासांचा, आणि प्रहरभर जागून राखण करायची तो पहारा. इंग्रजी जहाजांवरही ड्यूटीच्या पाळीला वॉचच म्हणतात, बहुतेक पाळ्या चार तासांच्या, आणि संध्याकाळी ४ ते ८ मध्ये दोन-दोन तासांच्या दोन छोट्या पाळ्या असतात त्यांना डॉग वॉच म्हणतात. म्हणजे वेळ, जागेपण आणि राखण या तिन्ही गोष्टी जशा पहाऱ्यात आहेत तशा वॉचमध्येही आहेत. वॉचमन शब्द तर आपण रोज वापरतो, त्यातला वॉच हाच. तेव्हा शंका आली की मनात म्हणा, इथे मी पहारा दिल्यासारखा बघतोय का? हो आलं की वॉच घाला.

सिनेमाचं मात्र वेगळं आहे, तिथे नियम सैल होतो. थिएटरात जाऊन बघितला तर सॉ द फिल्म आणि वॉच्ड द फिल्म दोन्ही चालतात, घरी सोफ्यावर बसून बघितला तर वॉच्डच जास्त बरं वाटतं. टीव्हीबरोबर वॉच टीव्ही, पण टीव्हीवर एखादी बातमी दिसली तर ‘आय सॉ इट ऑन टीव्ही’. मॅच घरी वॉच करतात, कोटंबीच्या स्टेडियमवर जाऊन आलात तर वेंट टू सी द मॅच म्हणा, वॉच म्हटलंत तरी कुणी अडवणार नाही. राजवाडा, शहर, प्रेक्षणीय स्थळं असलं सगळं सी. यावर जास्त वेळ घालवू नका, इथे चूक झाली तरी अर्थ बिघडत नाही.

४. सीला ‘इंग’ लागलाय का?

हा बिघाड आपल्याकडे फार. मला दिसतंय, मी बघतोय, म्हणून आय ॲम सीइंग. डोळ्यांना दिसण्याच्या अर्थाने सीला सहसा इंग लावत नाहीत, कॅन सी म्हणतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये ‘आर यू सीइंग माय स्क्रीन’ऐवजी ‘कॅन यू सी माय स्क्रीन’. वॉच आणि लुकला इंग खुशाल लावा, आय ॲम वॉचिंग, आय ॲम लुकिंग ॲट.

हे महत्त्वाचं एवढ्यासाठी की सीइंगला स्वतःचा वेगळा अर्थ आहे, भेटणे, आणि त्यातही एखाद्याबरोबर प्रेमसंबंध असणे. आपल्या घरात लग्नाचं चाललेलं असतं, ताईसाठी मुलगा बघतोय, आणि धाकटा भाऊ ऑफिसात सांगून मोकळा होतो ‘माय सिस्टर इज सीइंग अ बॉय’. ऐकणाऱ्याने अर्थ घेतला की तिचं कुणाबरोबर तरी जमलंय. वॉचिंग म्हटलं तर त्याहून वाईट, त्यात पाळत आली. म्हणायचं असतं ते ‘वी आर लुकिंग फॉर अ मॅच फॉर माय सिस्टर’, आणि मुलाकडचे घरी येणार असतील तर ‘वी आर मीटिंग अ फॅमिली ऑन संडे’. डॉक्टरबरोबर मात्र सीइंग बरोबर आहे, ‘शी इज सीइंग अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरकडे दाखवतेय.

५. पुढच्या क्रियापदात टू घुसलाय का?

थोडक्यात सांगते. मी त्याला रस्ता ओलांडताना बघितलं: ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ किंवा ‘आय वॉच्ड हिम क्रॉस द रोड’. टू नाही. इंग लावलं की मधला तुकडा बघितला असा अर्थ, इंग न लावता नुसतं क्रॉस म्हटलं की अलीकडून पलीकडे पोचेपर्यंत पूर्ण बघितलं. ॲक्सिडेंटबद्दल काही लिहायचं असेल तेव्हा हा फरक खरंच मोठा होतो, कारण कुणी किती बघितलं हाच तर प्रश्न असतो. टू येतो फक्त उलट्या, म्हणजे पॅसिव्ह वाक्यात, ‘ही वॉज सीन टू एंटर द बिल्डिंग’.

६. मुळात डोळ्यांचं काम आहे का?

इथपर्यंत येऊनही वाक्य विचित्र वाटत असेल तर बिघाड इंग्रजीत नाही, मराठीतल्या वाक्प्रचारात आहे. आपल्या निम्म्या बघण्यात डोळे वापरलेच जात नाहीत, आणि तिथे वॉच, सी, लुक यांपैकी काहीच बसवायचं नसतं. इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाट बघणे म्हणजे वेट फॉर. करून बघणे, खाऊन बघणे, विचारून बघणे म्हणजे ट्राय. स्वप्न बघणे म्हणजे ड्रीम. अंत पाहू नकोस म्हणजे समोरच्याचा धीर संपत आलाय, तिथे पेशन्स शब्द आणावा लागेल. परीक्षा पाहणे म्हणजे टेस्ट. दुकान मोठा भाऊ बघतो म्हणजे रन्स द शॉप किंवा लुक्स आफ्टर द शॉप, ‘ही वॉचेस द शॉप’ म्हटलं तर तो दुकानाबाहेर राखणीला बसलाय असं वाटतं. बघू म्हणजे ‘लेट्स सी’ किंवा ‘वी विल सी’, हे एक मात्र सरळ जुळतं. जरा बघ ना कोण आलंय, यात ‘सी हू इट इज’. बघता बघता दहा वर्षं झाली, यात कुणी काही बघितलेलं नाही, ‘टेन इयर्स वेंट बाय बिफोर वी न्यू इट’.

आणि बघून घेईन. मराठीत, गुजरातीत, हिंदीत सगळीकडे ही धमकी आहे, पण ‘आय विल सी यू’ म्हणजे इंग्रजीत भेटू या, अगदी प्रेमाने निरोप घेतल्यासारखं. भांडणाची तक्रार लिहिताना ‘ही टोल्ड मी आय विल सी यू’ असं लिहून आणलेलं असतं आणि वाचणाऱ्याला यात तक्रार कसली तेच समजत नाही. तिथे थ्रेटन्ड हा शब्द हवा. ‘आय विल वॉच यू’ हे वाक्य मात्र उलट ज्याला धमकी द्यायची नाही तोच लिहून बसतो, तुझ्याकडे लक्ष देईन, काळजी घेईन असं म्हणायचं असतं आणि वाचणाऱ्याला भीती वाटते. काळजीसाठी ‘आय विल लुक आफ्टर यू’.

घरी करण्यासारखा उपाय म्हणजे वाक्यातून ‘बघणे’ पूर्ण काढून तेच मराठीत दुसऱ्या शब्दांत सांगा. आईला किंवा पोराला समजावून सांगतो तसं. वाट बघितली म्हणजे काय केलं? थांबून राहिलो. दुकान बघतो म्हणजे काय करतो? चालवतो. तो दुसरा शब्द सापडला की इंग्रजी आपोआप येतं, आणि न सापडला तर तुम्हाला नक्की काय म्हणायचंय हेच अजून ठरलेलं नाही असं समजा.

७. वॉचची शेपटी

वॉच आउट म्हणजे सांभाळ, धोका आहे. वॉच आउट फॉर द क्रोकोडाइल्स, आपल्या विश्वामित्री नदीच्या काठी हे वाक्य शब्दशः खरं आहे. वॉच फॉर म्हणजे काहीतरी येईल म्हणून लक्ष ठेवणे. वॉच ओव्हर म्हणजे राखण करणे, जीव लावून. कीप अ वॉच ऑन म्हणजे नजर ठेवणे. ऑन माय वॉच म्हणजे माझ्या जबाबदारीच्या काळात, इथे परत तो पहाराच. वॉच युवर स्टेप म्हणजे पाय जपून टाका, पायाकडे बघत बसा असं नाही. वॉच युवर लँग्वेज म्हणजे तोंड सांभाळून बोला.

वाक्यात वॉच बरोबर वाटतोय पण अर्थ लागत नाही असं झालं की मागचा हा छोटा शब्द तपासा. फॉर आणि ओव्हर यांची अदलाबदल झाली की राखणदाराचा पाळत ठेवणारा होतो. आणि शाळेतल्या प्रयोगवहीत वॉच लिहू नका, तिथे ऑब्झर्व्ह. ऑब्झर्व्हचा आणखी एक अर्थ पाळणे असाही आहे, ऑब्झर्व्ह अ फास्ट म्हणजे उपास करणे, म्हणून एकादशीवरच्या निबंधात तो शब्द दिसला तर चूक समजून खोडू नका.

८. हवामानाचा वॉच

याला वेगळी जागा देते कारण इथे चुकीच्या अर्थाने नुकसान होऊ शकतं. भारतीय हवामान खात्याचे चार रंग आहेत: हिरव्यात काही करायचं नाही, पिवळा म्हणजे वॉच, नारिंगी म्हणजे अलर्ट, लाल म्हणजे वॉर्निंग. पिवळ्यातला वॉच म्हणजे माहिती घेत राहा, परिस्थिती बदलू शकते. नारिंगीला तयारीत राहायचं, लालला प्रत्यक्ष हालचाल करायची. वादळाच्या वेळीही असंच आहे, आधी प्री-सायक्लोन वॉच, तो साधारण ७२ तास आधी, मग ४८ तास आधी अलर्ट, मग २४ तास आधी वॉर्निंग. लोक वॉच हा शब्द बघून म्हणतात की हे तर नुसतं बघायला सांगतायत, म्हणजे काळजी नाही, आणि फोन बाजूला ठेवतात. पहाऱ्याचा अर्थ आठवा: जागं राहायचंय, दर थोड्या वेळाने पुढचं पत्रक बघायचंय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि त्याबरोबर मगरीही आल्या, ते इथे सगळ्यांनी भोगलंय. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे हा शब्द मी व्याकरण म्हणून शिकवत नाही, काळा घोडा पुलावरची पातळी आणि खात्याचा रंग दोन्ही बघायला शिकवते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ‘टोर्नेडो वॉच’ लिहिलं तर वादळ होण्यासारखी हवा आहे असा अर्थ, वॉर्निंग लिहिलं तर वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय. वॉचला चौकशी करा, वॉर्निंग असेल तर त्यांना फोनवर अडकवून ठेवू नका, त्यांना आडोशाला जायचं असतं.

९. ओव्हरवाली मंडळी

हे सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. ओव्हरसी म्हणजे देखरेख करणे. ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणे किंवा दुर्लक्ष करणे, आणि घराच्या जाहिरातीत ‘फ्लॅट ओव्हरलुकिंग द गार्डन’ असेल तर खिडकीतून बाग दिसते. लुक ओव्हर, असे दोन सुटे शब्द, म्हणजे वरवर वाचून घेणे. बायोडाटात ‘आय ओव्हरलुक द अकाउंट्स’ लिहिलं तर तुम्ही स्वतःच सांगितलंत की हिशेबाकडे तुमचं लक्ष नसतं. ही चूक मी चांगल्या अनुभवी अकाउंटंटच्या अर्जात पाहिलीय, आणि नोकरी देणारा फोन करून अर्थ विचारत नाही, अर्ज बाजूला ठेवतो. बायोडाटा पाठवायच्या आधी ओव्हर हा शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी थांबा.

ओव्हरसाइट तर एकाच वेळी दोन उलट अर्थांचा आहे, देखरेख हा एक आणि नजरचूक हा दुसरा. ‘ड्यू टू ॲन ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचुकीने, ‘अंडर द ओव्हरसाइट ऑफ द कमिटी’ म्हणजे कमिटीच्या देखरेखीखाली. आधी-मागच्या शब्दांवरून अर्थ लावायचा. स्वतः लिहिताना हा शब्द टाळाच, सुपरव्हिजन किंवा मिस्टेक लिहा. सोसायटीच्या नोटिशीत सीसीटीव्हीसाठी ‘वी आर वॉचिंग यू’ असं लिहू नका, ‘धिस एरिया इज अंडर सीसीटीव्ही सर्व्हेलन्स’ हे रूढ वाक्य आहे, त्यात कुणावर रोख नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

वरच्या तपासण्या ट्यूशन, बायोडाटा, मेसेज, नोटीस यांना पुरतात. पुढच्या तीन ठिकाणी स्वतः दुरुस्ती करू नका, माझ्यासारख्या ट्यूशनवालीकडूनही करून घेऊ नका, मी स्वतः असे कागद परत पाठवते.

एक, दवाखान्याचे कागद. डिस्चार्जच्या कागदावर ‘वॉच फॉर’ लिहून पुढे ताप, रक्तस्राव, सूज असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे ही लक्षणं दिसली तर लगेच कळवा, पण किती ताप, किती वेळ थांबायचं, कुठे फोन करायचा हे शब्दावरून ठरवायचं नाही, निघायच्या आधी डॉक्टरांनाच विचारून मराठीत लिहून घ्यायचं. ‘वॉचफुल वेटिंग’ लिहिलं असेल तर डॉक्टरांनी सोडून दिलं असा अर्थ काढू नका. फारसा त्रास न देणारा हर्निया अशा काही दुखण्यांत लगेच ऑपरेशन न करता ठरावीक वेळाने तपासत राहतात, तो उपचाराचाच भाग आहे. पुढची तपासणी कधी, एवढं मात्र नक्की विचारा.

दोन, पोलीस तक्रार. कुणी पाठलाग करतंय, खिडकीतून बघतंय, मोबाइलवर काय करता त्यावर लक्ष ठेवतंय, असं असेल तर इंग्रजी क्रियापद शोधत बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ मध्ये खाजगी कृती करत असलेल्या बाईला चोरून बघण्यासाठी वॉच हाच शब्द आहे, आणि कलम ७८ मध्ये, पाठलागाच्या, इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर लक्ष ठेवण्यासाठी मॉनिटर हा शब्द आहे. कुठलं कलम लागतं ते पोलीस आणि वकील ठरवतात. तुम्ही काय घडलं ते मराठीत, गुजरातीत, जी भाषा तुमच्या तोंडी आहे त्यात, तारीख-वेळ-जागेसकट सांगा. ‘बघून घेईन’ म्हणाला असेल तर ते शब्द आहेत तसेच सांगा, भाषांतर करून नको.

तीन, करार, प्रतिज्ञापत्र, व्हिसाचे कागद. ओव्हरसाइट, सुपरव्हिजन, मॉनिटरिंग यातला एक शब्द बदलला तर जबाबदारी कुणाची हेच बदलतं. हे काम वकिलाचं किंवा अनुभवी अनुवादकाचं. पैसे जातात, पण इथे वाचवण्यासारखे नाहीत ते.

आणि दहावीचं पोरगं या सगळ्या तपासण्या समजून घेऊन तोंडी बरोबर सांगतंय पण कागदावर अक्षरं उलटी पडून सॉ चा वॉज होतो, ओळी सुटतात, मराठी वाचतानाही अडखळतं, तर हा वॉच-सीचा बिघाड नाहीये. त्याला जास्त सराव देऊन काही होणार नाही, रागावून तर अजिबात नाही. आधी डोळे तपासून घ्या आणि मग वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या, उशीर न करता.

कुणाकडेही जाताना मूळ मराठी वाक्य बरोबर न्या, तुम्ही केलेलं इंग्रजी एकटं नको. इंग्रजीवरून तपासणाऱ्याला फक्त चूक दिसते, मराठीवरून तुम्हाला काय म्हणायचं होतं ते कळतं.